सोसायटीचा कारभार एकाच काकांच्या पिशवीत? या चुका टाळा

सांगलीतलं विश्रामबाग घ्या, विजयनगर घ्या, नाहीतर मिरज रस्त्याकडचं एखादं नवं कॉम्प्लेक्स. खाली पार्किंग, वर तीन-चार मजले, बारा ते वीस फ्लॅट. निम्मे मालक पुण्याला, काही फ्लॅट भाड्यानं दिलेले. सभा बोलावली की सात-आठ डोकी जमतात आणि बँकेतनं किंवा शाळेतनं निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाकडं बघून सगळे म्हणतात, "काका, तुम्हीच बघा की." काका सेक्रेटरी होतात. चेअरमन म्हणून एखाद्या डॉक्टरांचं नाव लागतं, पाटीवर शोभतं म्हणून. खजिनदार कोण, हे ऑडिटच्या वेळी सही घ्यायला जाईपर्यंत खुद्द खजिनदारालाही आठवत नसतं.

मग काकाच मेंटेनन्स गोळा करतात, काकाच प्लंबर ठरवतात, काकाच त्याचं बिल देतात, काकाच प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहितात. पावती पुस्तक, चेकबुक आणि शिक्का एकाच कापडी पिशवीत. काका बहुतेक वेळा प्रामाणिकच असतात. पण तीन-चार वर्षांनी कुणीतरी विचारतं, "टाकीच्या दुरुस्तीला एवढे लागले कसे?" तेव्हा दाखवायला काकांच्या शब्दापलीकडं काही नसतं, आणि आयुष्यभर चोख हिशोब ठेवलेल्या माणसावर जिन्यात उभं राहून संशय घेतला जातो. खर्च ठरवणारा, काम करून घेणारा आणि पैसे देणारा या तीन जागा वेगळ्या ठेवल्या तर पहिला बचाव काकांचाच होतो.

आधी कागद काढा: सोसायटी की अपार्टमेंट?

गेटवर 'सोसायटी' लिहिलंय म्हणून ती सोसायटी असतेच असं नाही. सांगली-साताऱ्याकडं बऱ्याच इमारतींचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली झालेलं असतं. तिथं शेअर सर्टिफिकेट नसतं, प्रत्येकाचा स्वतंत्र अपार्टमेंट खरेदीदस्त असतो, आणि सामायिक खर्च घोषणापत्रात दिलेल्या टक्केवारीनं वाटला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थेला १९६० चा सहकारी संस्था कायदा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनं गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात १५४ब-१ पासून पुढं वेगळं प्रकरणच आलं. तिथं सेवाशुल्क लहान-मोठ्या सगळ्या फ्लॅटना सारखं.

हे न बघता कमिटी बसवली की वन बीएचकेवाला म्हणतो टक्केवारीनं घ्या, थ्री बीएचकेवाला म्हणतो समान घ्या, आणि दोघंही मोबाइलवर आपापल्या सोयीचा नियम दाखवतात. नोंदणी प्रमाणपत्र किंवा घोषणापत्र काढलं की हा वाद तिथंच मिटतो. ते सापडत नसेल तर संस्थेची प्रत उपनिबंधक कार्यालयातून आणि नोंदवलेल्या घोषणापत्राची प्रत दुय्यम निबंधकांकडून अर्ज करून मिळवा. बाकी सगळं त्यानंतर. इथून पुढचं मी सहकारी संस्था धरून लिहितोय. अपार्टमेंटवाल्यांनी आपल्या घोषणापत्राशी आणि उपविधीशी, म्हणजे इमारतीच्या नियमावलीशी, ताडून घ्यावं.

चेअरमन म्हणजे मालक नव्हे, आणि शोभेचाही नव्हे

चेअरमनच्या दोन तऱ्हा दिसतात. एक, जो सभेलाही येत नाही. दुसरा, जो "मी सांगतोय ना" म्हणून पार्किंगची जागा पाहुण्याला देऊन टाकतो. आपल्याकडं साखर कारखान्याच्या निवडणुका बघत वाढल्यामुळं असेल, पण सोळा फ्लॅटच्या इमारतीतही दोन पॅनेल पडतात आणि निवडून आलेल्याला खरोखरच सत्ता मिळाल्यासारखं वाटतं.

उपविधीप्रमाणं चेअरमनचं काम कारभारावर देखरेख ठेवणं, सभा चालवणं आणि मतं समान पडली तर निर्णायक मत देणं. तातडीच्या वेळी तो कमिटीचे अधिकार एकटा वापरू शकतो, पण कारण लेखी नोंदवून आणि पुढच्या कमिटी सभेत मंजुरी घेऊन. ही शेवटची दोन पावलं कुणी पाळत नाही, आणि भांडण नेमकं त्यावरून होतं. पार्किंगचं म्हणाल तर स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) आणि मोकळी जागा सामायिकच, बिल्डरलाही ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. वाटप सर्वसाधारण सभेच्या धोरणानं होतं.

"काम तर करून घेऊ, ठराव मागनं लिहू"

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. बोअरची मोटर जळाली, भर उन्हाळ्यात पाणी नाही, तर मोटर आधी बसवणारच. त्याला कुणाची ना नाही. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सीसीटीव्ही, गेट बदलणं ही कामं रात्रीत उगवत नाहीत. ती व्हॉट्सअॅपवर चार अंगठे मिळाले म्हणून सुरू होतात. सहा महिन्यांनी गच्ची पुन्हा गळते, आणि अंगठा देणारेच विचारतात, "कुणाला विचारून दिलं काम?"

सर्वसाधारण सभेला न विचारता कमिटीनं दुरुस्तीवर किती खर्च करायचा याची मर्यादा उपविधीत असते, ती पानावर खूण करून ठेवा. मर्यादेपलीकडचं काम असेल तर विशेष सभा, पाच पूर्ण दिवसांची नोटीस, लेखी दरपत्रकं, मग ठराव. ठरावात ठेकेदाराचं नाव, रक्कम, हप्ते आणि काम बघणार कोण हे आलंच पाहिजे. 'काम करून घ्यावे असे सर्वानुमते ठरले' एवढ्यावर काहीच ठरत नाही.

वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते, त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. ग्रुपवर टाकलेला फोटो खुशाल टाका, पण नोटीस वहीवर सह्या घ्या आणि बाहेरगावच्यांना टपालानं किंवा ईमेलनं पाठवा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यातला जो आकडा कमी तो. सोळा फ्लॅटला अकरा जण झाले, आणि अकरा जमत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नोटिशीतच लिहा, की कोरम न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच दिवशी अमुक वाजता त्याच जागी होईल. तहकूब सभा कोरम नसला तरी हजर असतील तेवढ्यांवर चालते. मात्र मूळ विषयपत्रिकेत नसलेला विषय तिथं घेता येत नाही. 'आयत्या वेळचे विषय' या खणात दीड लाखाचं गेट ढकलू नका.

कमिटीची सभा महिन्यातनं एकदा तरी व्हावी असं उपविधी सांगतो. वर्षाच्या बारा सभांचं प्रोसिडिंग ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिणारे सेक्रेटरी मी पाहिलेत. ऑडिटरही पाहतात, त्यांना कळतं.

पैसा कुणाच्या हातातून जातो?

हल्लीची नवी चूक म्हणजे मेंटेनन्स सेक्रेटरीच्या स्वतःच्या यूपीआय नंबरवर घेणं. सोपं पडतं, पण सोसायटीचा आणि घरचा पैसा एका खात्यात मिसळला, आणि तो वेगळा करून दाखवायची जबाबदारी त्या माणसावर आली. संस्थेच्या बँक खात्याचाच क्यूआर कोड घ्या आणि जिन्यात चिकटवा.

जुनी चूक अजून जिवंत आहे. खजिनदार नोकरीसाठी इस्लामपूरला किंवा कोल्हापूरला जा-ये करतो, म्हणून तो दहा कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवतो. दोन सह्यांचा नियम ज्यासाठी केला तो हेतूच गेला. खजिनदाराला रोज वेळ नसेल तर नेट बँकिंगमध्ये एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं, अशी सोय बँकेकडून घ्या. व्हाउचरवर काम बघणाऱ्याची सही वेगळी, पैसे देणाऱ्याची वेगळी. सेक्रेटरीनं बिल तपासून 'काम झाले' लिहावं, खजिनदारानं ठराव बघून पैसे सोडावेत. ठराव नसेल तर खजिनदारानं नाही म्हणायचं. शेजारी म्हणून अवघड जातं खरं, पण हे पद त्यासाठीच आहे.

सिंकिंग फंडाबद्दल, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीबद्दल, जरा जास्त लिहितो, कारण आपल्या भागाला ही खोड आहे. नमुना उपविधीप्रमाणं हा निधी बांधकाम खर्चाच्या किमान वार्षिक पाव टक्का, आणि दुरुस्ती-देखभाल निधी किमान पाऊण टक्का घ्यायचा असतो. दरमहा थोडा थोडा साठत तो काही लाखांवर जातो, आणि मग ओळखीच्या पतसंस्थेचा माणूस चहाला येतो. बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त. सहकारी संस्थेनं पैसा कुठं गुंतवायचा हे कायद्याच्या कलम ७० मध्ये दिलंय, आणि ओळखीतल्या संचालकाचा शब्द त्यात बसत नाही. बुडीत ठेवींसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी माणसं ज्या जिल्ह्यात गल्लोगल्ली भेटतात, तिथं हे वेगळं सांगावं लागू नये.

तारखा पाठ असू द्या. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. ऑडिटर सरकारी नामिकेतला (मान्यताप्राप्त यादीतला) हवा आणि त्याची नेमणूक वार्षिक सभेनं करायची. अहवालात दोष निघाले तर दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ओ फॉर्म, भरावा लागतो. कपाटात ठेवून दिल्यानं दोष जुने होतात, जात नाहीत.

सेक्रेटरीनं परस्पर ठरवू नयेत अशा रकमा

फ्लॅट विकताना 'सोसायटीला काहीतरी द्या' म्हणून पन्नास हजार मागितले जातात. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर फी) जास्तीत जास्त २५,००० रुपये, नगरपालिका हद्दीत त्याहून कमी. देणगीच्या नावानं वरचे पैसे घेता येत नाहीत. भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. थकबाकीवर सरळव्याज, वर्षाला २१ टक्क्यांहून जास्त नाही.

थकबाकीदाराचं पाणी तोडणं ही तर हमखास अंगावर येणारी मर्दुमकी. रस्ता दुसरा आहे: बिलं वेळेवर, लेखी नोटिसा, मग कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडं वसुली दाखल्याचा अर्ज. त्याला ठराव, खातेउतारा आणि नोटिशींची पोच लागते, म्हणजे पुन्हा सेक्रेटरीचं दफ्तर आलं.

सभासद वारला की नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट करून मोकळं होण्याची घाई नको. नामनिर्देशनानं मालकी मिळत नाही. वारसांचा निर्णय होईपर्यंत त्याला तात्पुरता सभासद करता येतं, एवढंच कलम १५४ब-१३ सांगतं. दोन भावांच्या वाटणीत सोसायटीनं पंच होऊ नये.

पुराच्या आधी ठरवायची कामं

सांगलीत हा विषय वगळून सोसायटीवर लिहिणं म्हणजे कृष्णेला विसरणं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आलं. शामरावनगर, दत्तनगर, गावभाग इथल्या इमारतींत पार्किंगमधले मीटर, पंपाचं पॅनेल, लिफ्टचा खड्डा आणि जिन्याखालचं दफ्तराचं कपाट, सगळं एकाच पातळीवर असतं.

जूनच्या कमिटी सभेत पदवार नावं टाका. इशारा पातळी आली की महावितरणला फोन कोण करणार? लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच कोण पाडणार? पंपाचं स्टार्टर कोण काढणार? दफ्तर वर न्यायचं काम सेक्रेटरीचं. प्रोसिडिंग बुक, सभासदांच्या आय आणि जे नोंदवह्या, मंजूर नकाशा, अभिहस्तांतरणाचे (कन्व्हेयन्सचे) कागद, नामनिर्देशन अर्ज हे वरच्या मजल्यावरच कायम ठेवावेत आणि स्कॅन करून दोन ठिकाणी जपावेत. भिजलेला नकाशा पुन्हा मिळवायला महापालिकेत किती खेपा पडतात, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

पाणी ओसरल्यावर गाळ काढणं, टाकी धुणं, मोटर रिवाइंडिंग यात ठरावाची वाट बघायची नसते. चेअरमनचा तातडीचा अधिकार याचसाठी. पण त्याच दिवशी कागदावर चार ओळी, आणि पुढच्या सभेत मंजुरी. विमा असेल तर साफसफाईच्या आधी फोटो, कंपनीला लगेच कळवणं आणि बिलं जपणं हे एका माणसाकडं द्या. पॉलिसी आग आणि भूकंपापुरती आहे की पुरासाठीही, हे पावसाळ्याआधी वाचा.

कमिटी बदलताना

जुने सेक्रेटरी रागानं राजीनामा देतात आणि पिशवी घरी ठेवतात. नवे म्हणतात, "आमच्याकडं काहीच दिलं नाही." कार्यभार देताना यादी करून दोघांच्या सह्या घ्या: दफ्तर, शिक्के, चेकबुक, शिल्लक पावती पुस्तकं, रोख शिल्लक, मुदत ठेवींच्या पावत्या, लिफ्ट आणि पंपाच्या देखभाल करारांच्या प्रती, ईमेल आणि नेट बँकिंगचे पासवर्ड. बँकेतल्या सह्या बदलायचा ठराव नव्या कमिटीच्या पहिल्याच सभेत घ्या, नाहीतर वीजबिलासाठी जुन्या चेअरमनच्या दारात उभं राहावं लागतं.

मागूनही दफ्तर मिळालं नाही तर कलम ८० खाली ते ताब्यात घेण्यासाठी निबंधकांकडं अर्ज करता येतो. अर्जासोबत निवडणुकीचा निकाल, पहिल्या सभेचा ठराव आणि काय-काय मागितलं त्या पत्राची पोच जोडा.