ढगाळ हवेत रोपं लांबतायत? ट्रेवर एलईडी लावताना एवढं बघा

आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि नेमकी तेव्हाच टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं ट्रेत असतात. घरामागच्या छोट्या पॉलिहाऊसमध्ये तर उजेड अजून कमी, कारण वरच्या कागदावर शेवाळ धरलेलं असतं. म्हणून आधी तो कागद धुवून घ्या, फुकटचा उजेड आत येऊ द्या, मग लाईटचं बघू.

महागड्या जांभळ्या ग्रो लाईटच्या मागे रोपांसाठी तरी लागू नका. साधी पांढरी एलईडी ट्यूब, 6500 केल्विनची म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची, पुरते. तिच्यात निळा प्रकाश चांगला असतो आणि त्यानं रोप बुटकं, जाड खोडाचं राहतं. चार फुटाच्या 20 वॅटच्या दोन ट्यूब शेजारी शेजारी लावल्या की खाली लांबीत दोन प्रोट्रे (रोपांचे कप्प्यांचे ट्रे) बसतात. रोज 14 तास चालवल्या तर अर्ध्या युनिटच्या जरा वर जातं, म्हणजे टोमॅटोच्या 25 दिवसांच्या रोपाला साधारण 14 युनिट.

खरी गोम आहे अंतरात! बरेच जण ट्यूब छताला लावतात आणि मग म्हणतात लाईट असूनही रोपं काडीसारखी झाली. ट्यूब शेंड्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर पाहिजे, दोरीला किंवा साखळीला टांगा म्हणजे रोप वाढेल तसं वर घेता येतं. खोड लांबतंय असं वाटलं तर खाली आणा, पानं फिकी पडून कडा वळायला लागल्या तर वर घ्या. आणि सुरुवात कधी, तर पहिले कोंब वर दिसले त्याच दिवशी. उगवणीसाठी ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवतो ना, ते ट्रे तसेच दोन दिवस जरी जास्त राहिले तरी रोपं अंधारातच लांबतात आणि एकदा लांबलेलं खोड नंतर कितीही लाईट दिला तरी आखूड होत नाही.

रात्रभर मात्र चालू ठेवू नका, टोमॅटोला सलग 24 तास उजेड मिळाला की पानं पिवळी पडतात. पहाटे 5 ला चालू, संध्याकाळी 7 ला बंद असा टायमर लावा, उशिरापर्यंत लाईट असला की किडेही गोळा होतात. बाजूला 50 मेशची (इंचाला 50 छिद्रं असलेली बारीक) जाळी हवीच, पांढरी माशी आत आली की व्हायरस आलाच समजा.

लाईट आहे म्हणून पाणी जास्त देऊ नका. या हवेत कोकोपीट (ट्रेत भरतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा) लवकर सुकत नाही आणि ओल राहिली की रोपं बुडातून कोलमडतात. पाणी सकाळी एकदाच, तेही वरचा थर सुकलेला दिसला तरच, छोटा पंखा फिरता ठेवा, ट्रे भरतानाच कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळा.

आता कांदा आणि झेंडू, इथे फार जपा. आपले खरीप-रब्बीचे कांद्याचे वाण लहान दिवसाचे, म्हणजे दिवस लहान असतानाही गाठ धरणारे, त्यांच्या रोपाला 14-15 तास उजेड दिला तर रोपातच गाठ धरायला लागते, म्हणून कांद्याचं रोप या लाईटखाली नकोच. दसरा-दिवाळीचा आफ्रिकन झेंडू लांब दिवसात फुलायला उशीर करतो आणि सण हुकला तर त्या फुलाला कोण विचारतं, त्यामुळे त्याला फक्त दिवसाच, बाहेर ढग असतील तेवढाच वेळ लाईट द्या.

लागणीआधी 5-6 दिवस लाईट बंद करून ट्रे शेडनेटखाली बाहेर काढा, पाणी थोडं ताणा, थेट उन्हात नेऊ नका. आणि वायरिंगचं, दमट जागा आहे आणि आपण ओल्या हातानं वावरतो, तेव्हा वॉटरप्रूफ फिटिंग, बोर्ड जमिनीपासून उंच आणि लाईनला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), हे झाल्याशिवाय बटण दाबू नका.