वाघिणींचे स्वयंचलित कपलर : जोडणी, तपासणी आणि सोडवणूक

नकल (बोटासारखा वाकलेला, उघडमिट होणारा जबडा) प्रकारच्या कपलरमध्ये, म्हणजे डबे जोडणाऱ्या यंत्रणेत, मालगाडीच्या दोन वाघिणींची (मालडब्यांची) यांत्रिक जोडणी धडकेसरशी आपोआप होते. ब्रेकसाठीच्या हवेचे पाईप मात्र हातानेच जोडावे लागतात आणि जोडणी पक्की झाली की नाही, हेही माणसालाच पाहावे लागते. इलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत, वाकवलेली बोटे एकमेकांत अडकवावीत तशा दोन नकला गुंततात आणि आतले कुलूप स्वतःच्या वजनाने खाली पडून त्यांना उघडू देत नाही. जुन्या कडी-खिळ्याच्या पद्धतीत कामगाराला दोन डब्यांच्या मधे उभे राहावे लागे व त्यात असंख्य जण जायबंदी होत. म्हणूनच अमेरिकेने १८९३ मध्ये कायदा करून स्वयंचलित कपलर सक्तीचे केले. तो धोका आजही संपलेला नाही, त्यामुळे वाघीण हलत असताना किंवा हलण्याची शक्यता असताना मधे जायचे नाही, हा नियम पुढच्या प्रत्येक कृतीला लागू आहे.

जोडणीपूर्वी उभ्या वाघिणींचे हँडब्रेक आवळून घ्यावेत. इंजिनाच्या बाजूचा रेक (जोडलेल्या वाघिणींची रांग) काही अंतरावर पूर्ण थांबवून मगच कपलर पाहावेत. दोन्हीपैकी किमान एक नकल उघडी हवी. दोन्ही बंद असल्या तर त्या नुसत्या आदळतात आणि तुटण्याची भीती असते. भरलेली वाघीण स्प्रिंगांवर खाली बसते, रिकामी उंच राहते, म्हणून दोन्ही कपलरच्या उंचीतील फरकही तपासावा. उत्तर अमेरिकेतील नियमानुसार रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यरेषेची उंची ३१.५ ते ३४.५ इंच असावी लागते. वळणावर कपलर एकमेकांच्या बाजूने निसटून जाऊ शकतात, त्यामुळे शक्य असेल तेथे सरळ रुळावरच जोडणी करणे शहाणपणाचे.

त्यानंतर माणसाच्या चालण्याच्या वेगाने रेक आणावा. जोराने आदळल्यास जोडणी अधिक पक्की होते, हा समज चुकीचा आहे. त्या धक्क्याने माल, ड्राफ्ट गिअर (कपलरमागची धक्के शोषणारी यंत्रणा) आणि नकल यांचेच नुकसान होते.

खटका ऐकू आला म्हणजे काम झाले, असे मानणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण कुलूप अर्धवट पडले तरी आवाज होतोच आणि अशी जोडणी पहिल्या मोठ्या ओढीला सुटू शकते. म्हणून कुलूप उचलण्यासाठी असलेला बाजूचा दांडा पूर्ण खाली आला आहे का व कपलरच्या तळाकडून कुलूप जागेवर बसलेले दिसते का, हे आधी पाहावे. त्यानंतर इंजिनाला हलकेच विरुद्ध दिशेने ओढायला सांगून जोडणी ताणून पाहावी. ही ओढ कधीही टाळू नये.

आता रेक पूर्ण थांबवून, इंजिनचालकाला कळवून व त्याची खात्री मिळाल्यावरच हवेचे होज पाईप जोडण्यासाठी मधे जावे. अँगल कॉक (ब्रेक पाईपच्या टोकाच्या झडपा) हळूहळू उघडावेत. एकदम उघडल्यास ब्रेक पाईपमधला दाब अचानक पडून आणीबाणीचे ब्रेक लागतात. शेवटच्या वाघिणीपर्यंत हवा पोहोचते व ब्रेक लागून सुटतात, याची चाचणी झाल्याशिवाय गाडी हलवू नये. युरोपात विकसित होत असलेल्या डिजिटल स्वयंचलित कपलरमध्ये हवेसोबत वीज आणि माहितीच्या तारांची जोडणीही धडकेसरशीच होते, त्यामुळे मधे जाण्याचा हा टप्पा तेथे उरणार नाही.

वाघिणी सोडवताना, मागे राहणाऱ्या वाघिणी आधी हँडब्रेकने रोखाव्यात, दोन्ही बाजूंचे अँगल कॉक बंद करून होज पाईप सोडवावेत आणि मग बाहेर येऊन इंजिनाला किंचित दाब द्यायला सांगावे. ताण गेला की बाजूच्या दांड्याने कुलूप सहज उचलले जाते. दांडा उचलला जात नसेल तर हातोडा मारण्याऐवजी पुन्हा दाब मागावा. ताणाखाली अडकलेले कुलूप बळाने उचलल्यास दांडाच वाकतो.