घरात व्होल्टेज खरंच कमी येतंय की कुठेतरी जोड ढिला आहे, हे घरच्या घरी कसं तपासायचं

इस्त्री लावली की ट्यूब डोळे मिचकावते, फ्रिज घुर्रर करतो आणि परत गप्प, मग घरातलं कोणीतरी म्हणतंच की व्होल्टेज नाहीये, स्टॅबिलायझर आणा. मी पण आणला होता. फ्रिजच्या सॉकेटला लावला, थोडे दिवस बरं चाललं आणि मग एक दिवस त्या सॉकेटमागून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. मेन बंद करून उघडून बघितलं तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, आणि वायरीचं टोक काळं पडून कडक झालेलं. म्हणजे व्होल्टेज मुळात कमी नव्हतंच, वाटेत गळत होतं. आणि स्टॅबिलायझरने उलट भर घातली, कारण तो व्होल्टेज वाढवून देतो तेव्हा मागून तेवढा जास्त करंट ओढतो, आणि तो जास्तीचा करंट जाणार कुठून तर त्याच ढिल्या जोडातून.

म्हणून काही विकत आणायच्या आधी अर्धा तास काढा आणि मोजून बघा. फक्त एक गोष्ट आधीच, वास येत असेल, सॉकेट पिवळं-तपकिरी पडलं असेल, आतून चरचर ऐकू येत असेल तर मोजत बसू नका, त्या लाईनची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला स्विच) पाडा आणि थेट दुरुस्तीवर या.

आधी हत्यार. टेस्टर चालणार नाही. टेस्टरमध्ये छोटा निऑनचा दिवा असतो, तो साधारण ६०-९० व्होल्टच्या पुढे पेटायला लागतो, त्यामुळे १२० असो, १७० असो की २३०, त्याला सगळं सारखंच. आहे की नाही एवढंच तो सांगतो आणि ते सुद्धा कधीकधी चुकीचं. डिजिटल मल्टीमीटर घ्या, त्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट असं छापलेलं असेल असा. काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्ही लिहिलेल्या भोकात, आणि बटण एसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर, ६०० किंवा ७५०. लाल वायर १० ए लिहिलेल्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटमध्ये पिना घातल्या तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे, मीटर हातात फुटू शकतो, ही चूक नवशिके नाही तर रोज मीटर वापरणारेच जास्त करतात कारण आधी करंट मोजलेला असतो आणि वायर परत बदलायची राहून जाते. मीटरच्या पिना धरताना बोटं त्यांच्यावरच्या प्लास्टिकच्या कडीच्या मागे, पायात चप्पल, आणि बोर्ड उघडायचा नाही, फक्त सॉकेटच्या भोकातून मोजायचं.

आता तीन रीडिंग घ्यायची, काही लोड नसताना, म्हणजे त्या लाईनवर काही चालू नसताना. फेज आणि न्यूट्रलमध्ये, फेज आणि अर्थमध्ये, न्यूट्रल आणि अर्थमध्ये. कागदावर लिहून ठेवा, डोक्यात ठेवाल तर तिसऱ्या सॉकेटपर्यंत घोळ होतो. २३० व्होल्टच्या सप्लायला दहा टक्के खाली-वर धरून २०७ ते २५३ ठीक समजतात, अमेरिकेसारख्या १२० व्होल्टच्या ठिकाणी पाचच टक्के धरून ११४ ते १२६. (हा २३० पण एक प्रकारची सरासरीच आहे बरं का, लाट वर जाते तेव्हा टोकाला ती ३२५ व्होल्टपर्यंत पोचते.) पहिली दोन रीडिंग जवळपास सारखी आणि न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोनचार व्होल्ट, असं आलं की सॉकेट दिसायला तरी निरोगी. फेज-न्यूट्रल बरोबर पण फेज-अर्थ काहीतरी भलतंच, ४० किंवा ९०, असं आलं तर अर्थिंग पोचतच नाहीये, आणि हे व्होल्टेजच्या तक्रारीपेक्षा जास्त गंभीर आहे.

पण लोड नसताना ढिला जोड पकडला जात नाही, हीच खरी गोम. करंटच वाहत नसेल तर जोडावर व्होल्टेज पडणार कसं, मीटर छान २२८ दाखवतो आणि आपण म्हणतो सगळं ठीक आहे. त्यामुळे आता त्याच सर्किटवर मोठी वस्तू लावा, २००० वॅटची इलेक्ट्रिक किटली सगळ्यात सोयीची, पाणी भरून. मोठ्या पिनेच्या, म्हणजे १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा, छोट्यावर नको. बाजूचंच सॉकेट रिकामं असेल तर तिथे मीटर लावा आणि किटली चालू करताना आकडा किती पडतो ते बघा.

किती पडला तर चालेल? इथे थोडं गणित आहे पण सोपं आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर, २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. २.५ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.००७४ ओम. डीबीपासून, म्हणजे एमसीबी असतात त्या मेन बोर्डापासून, सॉकेट २० मीटर लांब असेल तर जायची आणि यायची मिळून वायर ४० मीटर, म्हणजे ०.३ ओमच्या आसपास, म्हणजे अडीच-तीन व्होल्ट पडणार. १.५ ची वायर असेल तर चार-सव्वाचार. म्हणजे एवढी लांब लाईन असली तरी वायर स्वतःहून खाऊन खाऊन पाच व्होल्ट खाईल. पंधरा-वीस पडत असतील तर ते वायर खात नाहीये, कुठलातरी जोड खातोय, नाहीतर बाहेरूनच कमी येतंय.

फ्रिजचं प्रकरण झाल्यावर मी घरातली सगळी सॉकेट अशी तपासली, आणि किचनच्या ओट्यावरच्या सॉकेटला हा नमुना सापडला. लोड नसताना फेज-न्यूट्रल २२८, किटली लावली की २०६. बावीस व्होल्ट गायब. त्याच वेळी दुसऱ्या सर्किटवरचं, हॉलमधलं सॉकेट २२७ दाखवत होतं, म्हणजे बाहेरचा सप्लाय सुटला, दोष याच लाईनमध्ये. आता फेजच्या वायरीत की न्यूट्रलच्या? त्यासाठीच ती बाकीची दोन रीडिंग, किटली चालू असताना. फेज-अर्थ २२५, न्यूट्रल-अर्थ १९. अर्थच्या वायरीतून करंट वाहत नसतो म्हणून ती आपल्याला फूटपट्टीसारखी वापरता येते. फेज फक्त तीन व्होल्ट पडली, न्यूट्रल मात्र शून्यावरून एकोणीसवर चढला, म्हणजे सगळं पाणी न्यूट्रलच्या जोडात मुरतंय. उलटं असतं, न्यूट्रल-अर्थ एक-दोन आणि फेज-अर्थ २०८, तर फेजच्या बाजूचा स्क्रू किंवा स्विच शोधायचा.

आणि हे एकोणीस व्होल्ट म्हणजे काय ते पण बघा. २०६ व्होल्टवर ती किटली पावणेआठ अँपिअर ओढत होती, एकोणीस गुणिले पावणेआठ, साधारण दीडशे वॅट. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि तेवढ्यात धातूचा डाग वितळतो. इथे सहा सोल्डरिंग आयर्नची उष्णता भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत, शेंगदाण्याएवढ्या जागेत निघत होती. आणि एमसीबी पडत नाही. करंट अर्थला गळला की पडणारी आरसीसीबी पण पडत नाही. दोघींच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही, करंट जास्त नाही आणि तो अर्थला गळत पण नाही, जेवढा जातो तेवढा परत येतो. म्हणून ‘एमसीबी पडली नाही म्हणजे सगळं ठीक’ यावर विसंबू नका.

किटली लावली की घरातल्या सगळ्याच सर्किटवर आकडा सारखाच पडत असेल तर दोष मेन स्विच, मीटर किंवा त्याच्याही मागे आहे, तिथे हात घालायचा नाही, वीज कंपनीला कळवायचं. आणि लोड नसतानाच, भर गर्दीच्या वेळी १९०, रात्री २२५, असं असेल तर मात्र बाहेरून खरंच कमी येतंय, तेव्हा स्टॅबिलायझर घेणं बरोबर आहे.

आता काही लक्षणं जी बघून लोक गोंधळतात. टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि वस्तू मात्र चालत नाही: दोन फेज आल्या वगैरे काही नाही, बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो आणि त्याच लाईनवर चालू राहिलेल्या कुठल्यातरी दिव्यातून किंवा पंख्यातून फेज पलीकडे न्यूट्रलच्या वायरीत येऊन उभी राहते. न्यूट्रल आहे म्हणून त्या वायरीला हात लावलात तर चांगला शॉक बसेल. याचा मोठा भाऊ म्हणजे घरातले काही दिवे एकदम मंद आणि त्याच वेळी काही दिवे डोळे दिपतील इतके तेज. तीन फेजच्या घरात मेन न्यूट्रल सुटला की असं होतं, काही वस्तूंना ४०० च्या जवळ व्होल्टेज मिळू शकतं, टीव्ही-फ्रिज मिनिटात जातात. तिथे मोजायचं नाही, विचार करायचा नाही, आधी मेन पाडायची.

स्विच बंद आणि तरी वायरीवर मीटर ५०-६० व्होल्ट दाखवतो, हे बहुतेक वेळा भुताचं व्होल्टेज. शेजारून चालू वायर गेलेली असते, तिच्यामुळे मोकळ्या वायरीवर थोडंसं चढतं आणि डिजिटल मीटर इतका नाजूक की तेवढं पण वाचतो. खरं की खोटं ते बघायला तिथे साधा बल्ब लावा, खोटं असेल तर मीटरचा आकडा लगेच कोसळतो. एलईडी दिवा बंद केल्यावर मिणमिणतो तो पण याच भुतामुळे किंवा स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरमुळे. एक शक्यता मात्र तपासून घ्याच, की स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये तर बसवलेला नाही, कारण तसं असेल तर दिवा बंद असताना पण होल्डर जिवंत राहतो. आणि एकच पंखा हळू फिरतोय, बाकी घर ठीक, तर व्होल्टेजचा काही संबंध नाही, कपॅसिटर बदला.

दुरुस्ती. मेन बंद, फक्त बोर्डाचा स्विच नाही. पण बंद करायच्या आधी मीटर वीज चालू आहे हे माहीत असलेल्या जागी लावून तो काम करतोय ते बघायचं, मग मेन बंद करून उघडलेल्या बोर्डावर लावून शून्य आहे ते बघायचं, आणि काम संपवून मेन लावली की परत एकदा. वायरीचं काळं टोक सरळ कापून टाका, ते घासून परत बसवलं तर महिन्याभरात परत तेच. साधारण एक सेंटीमीटर नवं चकचकीत तांबं काढा, बारीक तारांची वायर असेल तर पीळ द्या, टर्मिनलचं भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, रबरावर नाही, हे मी स्वतः किती ठिकाणी बघितलंय, स्क्रू घट्ट आहे पण तो इन्सुलेशनलाच चावतोय. टोकाला सोल्डर करून स्क्रूखाली घालू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड परत ढिला पडतो. आवळलं की वायर ओढून बघा, हलली नाही पाहिजे. सॉकेटमधली पट्टी सैल झाली असेल, प्लग नुसता लोंबत असेल, तर वायर कितीही छान बसवा, उपयोग नाही, सॉकेटच बदला. ॲल्युमिनियमची जुनी वायर आणि तांब्याची नवी यांना थेट पीळ मारून टेप लावायचा नाही, त्यासाठी वेगळे कनेक्टर येतात.

रंगावर भरवसा ठेवू नका. नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या लाल-काळ्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, आणि अमेरिकन वायरिंगमध्ये काळी म्हणजे फेज. म्हणजे तीच काळी वायर एका घरात निरुपद्रवी आणि दुसऱ्या घरात जीव घेणारी. आणि ज्याने वायरिंग केलं त्याच्याकडे त्या दिवशी कुठला रंग उरला होता हा भाग वेगळाच. मोजा, मगच ठरवा.

एमसीबी वारंवार पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची टाकणं, हे कृपा करून करू नका. एमसीबी वस्तूसाठी नसते, भिंतीतल्या वायरीसाठी असते. १६ ची घरगुती एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडणारच नाही आणि २३ वर तासाभरात पडेल अशीच बनवलेली असते, म्हणजे तिने आधीच सवलत दिलेली आहे.

सगळं बसवून झालं की तीच किटली, तेच सॉकेट, तीच तीन रीडिंग. माझ्या ओट्यावर नंतर २२८ वरून २२५ आलं, न्यूट्रल-अर्थ दीड. मग पंधरा-वीस मिनिटं मोठा लोड चालू ठेवायचा, बंद करायचा, प्लग काढायचा आणि त्याच्या पिनांना हात लावून बघायचा. कोमट ठीक आहे. बोट पटकन मागे घ्यावं लागलं तर अजून कुठेतरी जोड राहिलाय, परत मेन बंद करून मागच्या बोर्डापासून शोधायला लागा.