आईची चाल मागून बघा

गुडघेदुखीची माणसं आली की आधी एक्स-रेचं पाकीट पुढे करतात. मी म्हणते, ते राहू द्या, दारापर्यंत चालून दाखवा. पण समोर फिजिओथेरपिस्ट बसलेली दिसली की तोंडी परीक्षेला आल्यासारखी ताठ चालतात. म्हणून चाल घरीच मोबाइलवर टिपून आणा.

दोन व्हिडिओ पुरेत, एक मागून आणि एक बाजूने. चाळीची गॅलरी असो की सोसायटीचा पॅसेज, दहाबारा पावलं मिळाली की झालं. साडी गुडघे दिसतील इतकी वर खोचायची, चपला रोजच्याच. बसल्या जागेवरून उठतानाच रेकॉर्डिंग सुरू करा, कारण आखडलेल्या गुडघ्याची पहिली चार पावलं वेगळी असतात.

मागून बघताना पाऊल टेकतं त्या क्षणी गुडघा बाहेरच्या अंगाला झटकतो का, ते पाहा. चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त भार येतो, झीजही बहुधा तिथेच होते आणि पाय हळूहळू फेंगडे होतात. मग दुखऱ्या पायावर भार देताना धड त्याच बाजूला कलतं, पाऊलही बाहेर वळतं. तेवढाच आतल्या बाजूवरचा भार कमी होतो. शरीराने शोधलेली पळवाट आहे ती. तेव्हा “नीट चाल गं” म्हणून तिच्या मागे लागू नका. मात्र दुखणं जांघेत असेल तर खुबाही तपासून घ्या.

बाजूने बघा. टाच टेकल्यावर चांगला गुडघा किंचित वाकून हादरा झेलतो, दुखरा ताठच राहतो. पावलं आखूड पडतात. चपलांचा आवाजही ऐका: दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, त्यामुळे ठेका चुकतो. दोन्ही गुडघे झिजले असतील तर ठेका सारखा लागेल, फक्त संथ. तिथे फसू नका.

आता काठी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण नेमकी उलट धरतात. चपला घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचे. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं असेल तर बदला. आणि काठीची लाज वाटते म्हणून छत्री टेकत जाऊ नका, ती भार घ्यायला केलेली नसते.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. दुसरा हात कठड्यावर.

मांडीचे स्नायू कमजोर राहिले तर काठीनेही फार भागत नाही. खुर्चीत बसून गुडघा सरळ करा, पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे जमलं की हात न टेकता खुर्चीतून उठायचं. जड जात असेल तर बसायला उशी घ्या म्हणजे उंची वाढेल. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. सहा आठवड्यांनी त्याच पॅसेजमध्ये, त्याच चपलांत पुन्हा व्हिडिओ घ्या.

गुडघा लाल होऊन तापला, ताप आला किंवा अचानक पायच टेकवेना, तर व्हिडिओ राहू दे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.