मंगोलियाच्या समाजवादी काळातल्या नोटा: ओळखायच्या कशा, भाव काढायचा कसा

मंगोलियाच्या जुन्या नोटा जमवायच्या म्हणत असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, इथे एकाच देशाच्या नोटांचे दोन वेगळे बाजार आहेत. १९५५, १९६६ आणि १९८१-८३ च्या नोटा भरपूर मिळतात, कोऱ्या करकरीत मिळतात, त्यामुळे तिथे नोटेची अवस्था हाच भाव. आणि १९२५, १९३९, बऱ्यापैकी १९४१ सुद्धा, या नोटा मुळात हाताला लागतच नाहीत, तिथे नोट खरी आहे आणि तुमच्यासमोर आहे हाच निम्मा भाव. बहुतेक लोक पहिल्या बाजाराचे नियम दुसऱ्याला लावतात नाहीतर उलटं करतात आणि मग पैसे जातात.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय भाव कळत नाही. १९२१ ची क्रांती झाली, १९२४ ला मंगोलियन जनता प्रजासत्ताक जाहीर झालं, त्याच वर्षी सोव्हिएत भागीदारीत बँक निघाली. त्याआधी तिकडे चिनी चांदी, मेक्सिकन डॉलर, रशियन रूबल, अगदी चहाच्या विटासुद्धा व्यवहारात चालायच्या. १९२४ साली डॉलरमधल्या नोटा छापल्या होत्या पण त्या चलनात आल्याच नाहीत. मग डिसेंबर १९२५ ला तोग्रोग, म्हणजे मंगोलियाचं स्वतःचं चलन, आलं, १ तोग्रोग म्हणजे १८ ग्रॅम चांदी असा हिशोब होता (तेव्हाचं १ तोग्रोगचं चांदीचं नाणं २० ग्रॅमचं, ९०० शुद्धतेचं, गुणाकार करून बघा, बरोबर १८ येतात). १९२८ मध्ये बाकीची चलनं बंद करून फक्त तोग्रोग ठेवलं.

तिथून १९८३ पर्यंत सहा मालिका आल्या आणि गंमत म्हणजे प्रत्येकीत सातच नोटा, म्हणजे पूर्ण सेट ४२ चा. पिक कॅटलॉगचे (जगभरच्या नोटांची संग्राहक वापरतात ती यादी, प्रत्येक नोटेला एक नंबर) नंबर पण त्यामुळे सरळ लागतात: १९२५ ची मालिका ७ ते १३, १९३९ ची १४ ते २०, १९४१ ची २१ ते २७, १९५५ ची २८ ते ३४, १९६६ ची ३५ ते ४१, आणि १९८१-८३ ची ४२ ते ४८. हे नंबर लिहून ठेवा, विकणाऱ्याशी बोलताना आणि जुने लिलाव शोधताना हेच कामाला येतात, कारण देशाच्या चलनाचं नाव कोणी तुग्रिक लिहितो, कोणी तोग्रोग, कोणी तुगरुग, तुम्ही एकच स्पेलिंग टाकून शोधलं तर अर्धा माल दिसणारच नाही.

ओळखायचं कसं? १९२५ च्या नोटेवर कोणाचाच चेहरा नाही, सोयोम्बो, म्हणजे मंगोलियाचं राष्ट्रीय चिन्ह, आहे आणि मजकूर उभ्या जुन्या मंगोल लिपीत. या मालिकेत २ ची नोट आहे, नंतर ती कधीच दिसत नाही, तिच्या जागी १९३९ पासून ३ ची आली, सोव्हिएत पद्धतीप्रमाणे. १९३९ पासून सुखबातर, १९२१ च्या क्रांतीचा नेता, नोटेवर येतो. तो वारला १९२३ मध्येच, आणि १९३९ ला सत्तेवर होता चोइबालसान, ज्याच्या काळात हजारो लोक मारले गेले, तरी नोटेवर त्याने स्वतःचा चेहरा न टाकता सुखबातरचाच टाकला हे मला अजूनही इंटरेस्टिंग वाटतं.

यानंतर लक्ष चेहऱ्यावर नको, राजचिन्हावर ठेवा. १९४१ आणि १९५५ च्या नोटांवर जे समाजवादी राजचिन्ह आहे त्यात उरगा, म्हणजे फास लावलेली लांब काठी, घेतलेला घोडेस्वार सूर्याकडे दौडतोय आणि कडेने जनावरांची डोकी आहेत. १९६० च्या राज्यघटनेने ते बदललं, घोडेस्वार आणि सूर्य राहिले पण दातेरी चाक, गव्हाच्या ओंब्या आणि वर तारा आला, म्हणून १९६६ च्या आणि १९८१-८३ च्या नोटांवर हे नवं चिन्ह. बाकी १९६६ आणि १९८१ मधला फरक वर्ष वाचूनच कळतो, वर्ष आपल्याला वाचता येतं अशा साध्या आकड्यात छापलेलं असतं. अजून एक खूण, १९८१ मध्ये २५ ची नोट गेली आणि २० ची आली. आणि १९८१-८३ मालिकेतल्या १ आणि ३ या दोन नोटांवरच १९८३ हे साल आहे, बाकी पाचांवर १९८१, त्यामुळे कोणी "१९८१ ची १ तोग्रोग, दुर्मिळ" म्हणाला तर पुढे जा. या १ आणि ३ वर सुखबातर पण नाही, नुसतं राजचिन्ह आहे. रंग लक्षात ठेवायला सोपे, ३ हिरवी, ५ निळी, १० लाल, सोव्हिएत रूबलसारखंच.

१९९३ च्या नोटा समाजवादी नाहीत. हे वेगळं सांगायचं कारण म्हणजे १९९३ च्या छोट्या नोटांवर पण सुखबातरच आहे, काहींवर वर्षच छापलेलं नाही, आणि विकणारे बिनधास्त "कम्युनिस्ट काळातली" म्हणून टाकतात. त्यावर दातेरी चाकवालं राजचिन्ह नाही, एवढं बघितलं की झालं.

आता भाव. आधी स्वस्त बाजार. १९९० नंतर सोव्हिएत मदत आटली, महागाई भयंकर भडकली, जुन्या नोटांना किंमत उरली नाही, आणि न वापरलेला माल संग्राहकांकडे पोचला. म्हणून १९५५ ची, १९६६ ची किंवा १९८३ ची १ तोग्रोगची कोरी नोट काही डॉलरात मिळते, ५० आणि १०० ला जरा जास्त द्यावे लागतात. इथे वापरलेली, घडी पडलेली नोट घ्यायचीच नाही, अगदी फुकट मिळाली तर ठीक. कोरी म्हणजे खरंच कोरी हवी: एकही घडी नाही, कोपरे टोकदार, मोजताना पडलेली लाट नाही, टाचणीचं भोक नाही. विकणारा "जवळपास कोरी" म्हणाला तर तो भाव कोऱ्याचा नाही हे त्याला पण माहीत असतं. आणि या नोटा पीएमजी वगैरे कंपन्यांकडून ग्रेड करून घेण्यात (त्या नोट खरी आहे का तपासतात, अवस्थेला गुण देतात आणि प्लॅस्टिकमध्ये बंद करतात) माझ्या मते काही अर्थ नाही, ग्रेडिंगची फी नोटेच्या किमतीपेक्षा जास्त होते. ग्रेड केलेली नोट कोणी दुप्पट-तिप्पट भावाने विकत असेल तर तुम्ही प्लॅस्टिकच्या डब्यासाठी पैसे देताय. फॅन्सी सिरियल नंबर, सगळे आकडे सारखे किंवा अगदी छोटा नंबर, याला मात्र वेगळे पैसे मिळतात, हौस असेल तर द्या.

महाग बाजारात सगळं उलटं. १९२५ ची चांगली नोट शेकडो डॉलरमध्ये जाते आणि वरच्या किमतीच्या नोटा त्याहून कितीतरी वर. इथे घड्या असणारच, कोपरे मऊ असणारच, ते मान्य करायचं, बघायचं ते हे की नोटेशी कोणी खेळलंय का. धुतलेली नोट ओळखायला सोपी, रंग फिके, कागद मऊ आणि एकदम स्वच्छ पण घड्यांच्या खुणा तशाच. दाबून सपाट केलेली नोट तिरक्या प्रकाशात धरा, घडीची रेघ चमकते. कडा कापलेल्या असतील तर चारी बाजूंचे मार्जिन मोजा. फाटकं मागून चिकटवलं असेल तर उजेडासमोर धरलं की तिथे जाडी दिसते. दुरुस्ती असणं गुन्हा नाही, लपवून पूर्ण भाव मागणं हा आहे.

नकली ओळखायला दोन साधी हत्यारं पुरतात, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटा यूव्ही टॉर्च. जुन्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नसायची, त्यामुळे १९२५ किंवा १९३९ ची म्हणून दिलेली नोट यूव्हीखाली झगझगीत निळी-पांढरी दिसली तर तिथेच थांबा. भिंगाखाली बारीक रेषा सलग दिसल्या पाहिजेत, रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती प्रिंटरची करामत. वॉटरमार्क पण बघा, १९६६ च्या मालिकेत वर्तुळांनी बनलेलं फुलासारखं नक्षीकाम सगळीकडे परत परत येतं, तिथे चेहरा शोधत बसू नका. महाग नोटेला मात्र ग्रेडिंग करून घ्या किंवा ग्रेड केलेलीच घ्या, इथे ती फी वसूल होते, मुख्य म्हणजे नोट खरी आहे हे दुसऱ्या कोणीतरी तपासलेलं असतं.

भाव काढायची माझी पद्धत अशी. कॅटलॉगमधला आकडा फक्त कुठली नोट कुठल्यापेक्षा दुर्मिळ हे समजायला वापरा, खरेदीला नाही. ऑनलाइन कोणी किती मागतोय हे पण सोडून द्या, मागायला काय कोणीही काहीही मागेल, नोट प्रत्यक्ष कितीला गेली ते शोधा. तोच पिक नंबर, तीच किंवा शेजारची ग्रेड, शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षातले, असे चार-पाच व्यवहार मिळाले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाका. लिलावाचा आकडा बघताना खरेदीदाराचं कमिशन त्यात धरलंय की वेगळं हे तपासा, त्यात २० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि लोक तिथेच फसतात. १९३९ आणि १९४१ च्या वरच्या नोटांचे व्यवहार इतके कमी सापडतात की कधीकधी एकच जुना लिलाव हाती लागतो, अशा वेळी शेजारच्या किमतीच्या नोटांवरून अंदाज बांधायचा आणि घाई करायची नाही. आणि विकायला गेलात तर डीलर तुम्हाला बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास देईल, तो लुटत नाहीये, त्याचं दुकान तसंच चालतं.

उलानबातरला जाणं झालं तर नारानतूल बाजारात जुन्या वस्तूंचा भाग आहे, तिथे नोटा-नाणी-बिल्ले सगळं मिळतं, घासाघीस चालते, पण तिथे १९५५ नंतरचाच माल घ्या. खूप जुन्या आणि ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर न्यायला मंगोलियात परवानगीची कागदपत्रं लागतात, १९२५ ची नोट कोणी टेबलाखालून काढून दिली तर आधी कागद मागा, नसतील तर हात जोडा आणि निघा.

ठेवायचं कसं तर पॉलिएस्टरच्या पाकिटात, पीव्हीसी अजिबात नको, ते काही वर्षात चिकट होऊन शाई ओढून घेतं. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यातलं काहीही केलं की किंमत शून्याच्या दिशेने निघते. पाकिटावर पिक नंबर, कधी घेतली, कितीला घेतली आणि कोणाकडून हे लिहा, आणि पेनाने लिहायचं असेल तर नोट आत सरकवायच्या आधी लिहा.