अमेरिकेत नव्याने आलात? इंग्रजीची सुरुवात कानापासून करा

मराठी शाळेत शिकून, लग्नानंतर किंवा मुलांकडे राहायला म्हणून अमेरिकेत आलेल्या अनेकींना मी ओळखते. व्याकरण त्यांचं पक्कं असतं. तरी न्यू जर्सीतल्या दुकानात कॅशियर दोन वाक्यं बोलली की त्या सोबत आलेल्याकडे बघतात. इथे अडतं ते ऐकण्यात, म्हणून व्याकरणाचं पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

पहिले पंधरा दिवस कान तयार करा. 'वॉटर' इथे 'वॉडर' ऐकू येतं, 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी' होतं. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजीत एका भागावर जोर येतो आणि बाकीचं जवळजवळ गिळलं जातं. 'हॉटेल'मध्ये जोर 'टेल'वर, 'थर्टीन'मध्ये शेवटच्या 'टीन'वर, 'थर्टी'त मात्र सुरुवातीला. हा जोर चुकला की शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही. रोज पाच मिनिटं बातम्या लावा, खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवा, एक वाक्य झालं की थांबवा आणि त्याच चालीत मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही.

आपल्या 'व'कडेही लक्ष द्या. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वेदर' म्हणताना लागत नाहीत, ओठ गोल होतात. आरशासमोर आठवडाभर केलंत तर जमतं.

मग रोजचे शब्द बदलून घ्या. वांगं इथे एगप्लांट, भेंडी ओक्रा, कोथिंबीर सिलँट्रो, ढोबळी मिरची बेल पेपर, मैदा ऑल-पर्पज फ्लावर. पेट्रोलला गॅस म्हणतात, डिकीला ट्रंक, हॉटेलातल्या बिलाला चेक. जेवण बांधून हवं असेल तर 'पार्सल' नाही, 'टू गो'. फोन नंबर सांगताना 'डबल फाइव्ह' टाळा, 'फाइव्ह फाइव्ह' म्हणा. तारखेत महिना आधी येतो, त्यामुळे फॉर्म भरताना दोनदा बघा.

रीतीभातीही भाषेइतक्याच शिकाव्या लागतात. 'हाउ आर यू?' हा नमस्कार आहे. 'गुड, हाउ आर यू?' एवढंच पुरे, गुडघेदुखी तिथे सांगायची नाही. होकारासाठी आपण मान डोलावतो ती इथे अनेकांना नकारासारखी किंवा संभ्रमाची वाटते, म्हणून तोंडाने 'येस' म्हणा. शेजारीण 'कधीतरी भेटू या' म्हणाली आणि दिवस-वेळ ठरवली नाही, तर ते आमंत्रण समजू नका. पण तुम्ही दिवस सुचवा, त्यात वावगं काही नाही. वयाने मोठ्या शेजाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी स्वतःच नाव सांगितलं असेल तर तसंच म्हणावं.

आता घराबाहेर पडा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन 'ईएसएल' (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) वर्ग किंवा संभाषण गट आहे का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी तो मोफत असतो. पत्त्याचा पुरावा दाखवून कार्डही काढा. कम्युनिटी कॉलेजांतही असे वर्ग चालतात. तिथे कोरियन, मेक्सिकन, युक्रेनियन बायका भेटतात. त्यांच्याशी बोलताना चुकण्याची भीती लवकर जाते.

सगळ्यात अवघड पायरी फोनची. नवऱ्याने किंवा मुलाने तुमच्या वतीने बोलणं आजपासून कमी करा. पहिला फोन सोपा निवडा, वाचनालय किती वाजता उघडतं एवढंच विचारा. वाक्य कागदावर लिहून घ्या आणि खाली हेही लिहा: 'कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?'

दवाखान्याचं मात्र वेगळं. तिथे अर्धवट समजून चालत नाही आणि लहान मुलांना दुभाषी करणं बरोबर नाही. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे भाषेची मदत विनामूल्य द्यावी लागते. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: 'आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज.'