ग्रिलमधल्या कुंडीत मोहरीचा पाला

ठाण्या-नवी मुंबईत मोहरीचा पाला लावायचा तर दिवाळीच्या आसपास लावा, मार्चनंतर नको, ऊन वाढलं की झाड पटकन फुलावर जातं आणि पानं जून, कडवट होतात. बी वेगळं आणायची गरज नाही, फोडणीच्या डब्यातली मोहरी कच्ची असते, बहुतेक वेळा मस्त उगवते. वीतभर खोल कुंडी किंवा ट्रे चालेल, खाली भोकं हवीत, बी अर्धा-एक सेंटीमीटर मातीखाली, आठवड्याभरात कोंब दिसतात. मग दाट रोपं उपटून विरळ करायची, ती फेकू नका, कोशिंबिरीत झकास लागतात, जरा झणका असतो एवढंच.

महिन्याभराने बाहेरची पानं खुडा, मधला कोंब ठेवा म्हणजे परत फुटतो. पानांमागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला तर आधी पाण्याचा जोरात फवारा, नाहीच गेला तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून.

पंजाबी साग करायचा तर सोबत पालक, चाकवत आणि थोडं मक्याचं पीठ, पण मला विचाराल तर लसणाची चरचरीत फोडणी देऊन बेसन पेरून केलेली भाजीच भारी, सोबत भाकरी. फुलं आली तरी हरकत नाही, तीही भाजीत जातात.